सुटकेचा भोंगा

१४ मार्च

बोर्डाच्या बैठकीला गेले होते ती माझ्या गल्लीतल्या दिव्याची तक्रार करायला. मध्ये उठून बाथरूमला जाऊन आले, तेवढ्यात बोर्डवाल्यांनी मला गावाची आपत्ती-प्रमुख नेमून टाकलं. आमच्या ऑर्लिकमध्ये पदं अशीच मिळतात. जो खोलीत नसेल त्याच्या गळ्यात पडतात. अध्यक्ष ड्वेन सेडलाक दात काढत म्हणाला, "बाई, सगळं गाव तुमच्या हाताखालून गेलंय. तुमचंच ऐकतील." हा ड्वेन माझ्या वर्गात दोन वर्षं होता, कारण पहिल्या वर्षी त्याला अपूर्णांक कळले नाहीत. दुसऱ्या वर्षीही कळले नाहीत, पण मला त्याचा चेहरा बघायचा कंटाळा आला म्हणून वर ढकलला. आता तो गाव चालवतो आणि गाव तसंच चालतं.

काम काय, तर टोर्नेडोचा भोंगा सांभाळायचा. बंबाच्या शेडवरच्या जुन्या भोंग्याची मोटर हिवाळ्यात जळाली. तो आमच्या पपांचा भोंगा. पपा बंबवाल्यांचे प्रमुख होते आणि मरेपर्यंत त्यांनी त्या बटणाला दुसऱ्या कुणाचं बोट लागू दिलं नाही. आता नवा येतोय, म्हणजे बटण पुन्हा आम्हा वाव्रांच्याच घरी.

अल्बिनला फोन करून सांगितलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. म्हणाला, "लिबी, आता टोर्नेडोलाही तुझी परवानगी काढावी लागणार." अल्बिन माझा धाकटा भाऊ. बायको सोडून गेल्यापासून गावाच्या पूर्वेला, खडीच्या खाणीपाशी ट्रेलरमध्ये राहतो. ट्रेलर म्हणजे चाकांवरचा पत्र्याचा डबा, वादळात त्याहून वाईट जागा नाही. आणि हा गृहस्थ आभाळ काळं झालं की बिअर घेऊन पायऱ्यांवर बसतो, जसा काही ढगांनी त्याच्यासाठी खेळ लावलाय. त्याला सांगून उपयोग नाही. मी सांगणं केव्हाच सोडलंय.

४ एप्रिल

नवा भोंगा आला. त्याचा खांब कुठे लावायचा यावर वाद. सगळ्यांना तो गावाच्या मध्यावर हवा होता, म्हणजे बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवता येईल. मी म्हटलं, पूर्वेच्या टोकाला, बेसबॉलच्या मैदानापाशी. ड्वेन म्हणाला, "पूर्वेला मैदान सोडलं तर अल्बिन आणि खडीची खाण." मी म्हटलं, मैदानावर उन्हाळाभर मुलं असतात. खांब पूर्वेलाच लागला. मुलांसाठी.

भोंगा बसवणाऱ्याने मला झाकण उघडून दाखवलं. आत काही जादू नाही. एक मोटर, तिच्यावर फटी असलेलं चाक, आणि चाकाभोवती तशाच फटींचं पिंप. चाक फिरलं की हवा आत ओढतं आणि फटींतून बाहेर फेकतं. फट उघडी, फट बंद, उघडी, बंद, इतक्या वेगाने की हवेच्या त्या तुकड्यांचाच आवाज होतो. चाक जितकं जोरात, तितका आवाज चढा. आगीसाठी आवाज खालीवर करायचा, टोर्नेडोसाठी एकसारखा चढा ठेवायचा, तीन मिनिटं. वर एक शिंग आहे, ते सावकाश गोल फिरतं, म्हणजे सगळ्या दिशांना पाळीपाळीने आवाज पोचतो. वीज गेली तर खाली बॅटऱ्या आहेत.

दुपारी चाचणी घेतली. लगेच मार्जी पोकोर्नीचा फोन. मार्जीचं मुख्य रस्त्यावर कॅफे आहे, गावाची सगळी अक्कल रोज सकाळी तिथे जमते आणि कॉफीत बुडते. म्हणाली, भोंगा बिघडलाय, आवाज येतो आणि जातो. मी म्हटलं, शिंग फिरतंय, म्हणून येतो आणि जातो. ती म्हणाली, मग फिरवता कशाला. शिवाय तिच्या आजारी सासूला घरात नीट ऐकू आला नाही. मी तिला समजावलं की हा भोंगा घरात बसलेल्यांसाठी नसतोच. जो शेतात, रस्त्यावर, मैदानावर आहे त्याला 'आत जा' म्हणून सांगण्यासाठी असतो. आत गेल्यावर रेडिओ लावायचा. मार्जी म्हणाली, म्हणजे जे आधीच आत आहेत त्यांना कळणारच नाही? मी फोन ठेवला.

१२ एप्रिल

आज बोर्डात भोंग्यावर खल झाला. खल म्हणजे ओरडाआरडा.

पहिला ठराव: भोंगा रोज दुपारी बाराला वाजलाच पाहिजे, कारण पूर्वीपासून वाजतो. त्याशिवाय म्हणे जेवायची वेळ कळत नाही. प्रत्येकाच्या मनगटावर घड्याळ आहे आणि प्रत्येकाचं पोट त्याहून नियमित. मी म्हटलं, जो आवाज रोज ऐकू येतो त्याला माणूस घाबरत नाही. मार्जी म्हणाली, "बाई, घाबरायचं कशाला? जेवायचं असतं." ठराव पास.

दुसरा ठराव सुटकेच्या भोंग्याचा. ही पपांची देणगी. वादळ पुढे गेलं की पपा भोंगा पुन्हा एकदा वाजवायचे, म्हणजे लोकांनी तळघरातून वर यावं. गावाने त्याला नाव दिलं, सुटकेचा भोंगा. आसपासच्या कुठल्याही गावात असलं काही नाही, आणि काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, नियम अगदी साधा आहे. भोंगा फक्त धोक्याचा. दुसऱ्यांदा वाजला तर त्याचा अर्थ दुसरा धोका, खालीच बसा. सुटका सांगायला भोंगा नसतोच.

यावर मी कुणाचं ऐकलं नाही. नियम काउंटीचा आणि बटण माझं. ड्वेनने विचारलं, मग वर यायचं कधी? रेडिओ ऐक, मी म्हटलं. तळघरात रेडिओ नीट लागत नाही, तो म्हणाला. हा माणूस बंबाचा पंप डोळे मिटून उघडतो, पण रेडिओ तळघराच्या खिडकीत ठेवावा हे त्याला सुचत नाही. शेवटी म्हणाला, "पण बाई, तुमच्या पपांनीच तर आम्हाला सवय लावली." पपांनी गावाला बऱ्याच सवयी लावल्या. त्यात विचार करण्याची नव्हती.

२७ एप्रिल

शेतावरचं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा खालचं तळघर राहिलं. ते अल्बिनच्या ट्रेलरपासून हाकेच्या अंतरावर आहे, गवतात, वर तिरका लाकडी दरवाजा. अल्बिन त्यात बटाटे आणि बिअर ठेवतो. मला लोणच्याच्या जुन्या बरण्या हव्या होत्या म्हणून आज गेले.

बरण्या काढायच्या तर आधी कोळिष्टकं काढायला हवीत, ती काढली. पायरी मोडली होती, तिथे नवी फळी ठोकली, कारण मला पाय मोडून घ्यायचा नाही. माझ्याकडची एक खुर्ची अडगळीत पडली होती, ती खाली ठेवली. घोंगडी, कंदील आणि पाण्याचा कॅन गाडीत होताच. अल्बिन दारात उभा राहून बिअर पीत बघत होता. मी निघताना म्हणाला, "लिबी, बरण्या?"

बरण्या राहिल्या.

त्याला हवामानाचा छोटा रेडिओ दिला, वाढदिवसाची भेट म्हणून. त्याचा वाढदिवस ऑक्टोबरात असतो, पण तेव्हा दुकानात असेल नसेल.

५ मे

पोस्टात, चर्चमध्ये आणि मार्जीच्या कॅफेत सूचना लावली होती. मोठ्या अक्षरात, तिसरीच्या मुलाला कळेल अशी: सुटकेचा भोंगा बंद. दुसऱ्यांदा वाजला तर दुसरं वादळ. वर येऊ नका. आज पाहते तर पोस्टातल्या सूचनेच्या कोऱ्या बाजूवर कुणीतरी कुत्र्याच्या पिल्लांची जाहिरात लिहून ती उलटी टाचली आहे. कॅफेतलीवर कॉफीचा डाग. चर्चमधली शाबूत आहे, कारण ती फळ्यावर इतकी वर आहे की वाचायला शिडी लागेल. फादरनी स्वतःच लावली.

बंबवाल्यांच्या पॅनकेकच्या नाश्त्याला मी उभी राहून बोलले. माझं बोलणं संपल्यावर ड्वेनने टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, "पण बाई, मग सुटकेचा भोंगा किती वेळाने वाजणार?" लोक हसले नाहीत. सगळ्यांना उत्तर हवं होतं.

या गावाला मी वाचायला शिकवलं. माझ्या आयुष्याचं चीज झालं.

१९ मे

आज पहिला खरा इशारा. दुपारभर हवा कोंदलेली, मग पश्चिमेकडून काळी भिंत चढत आली. काउंटीच्या ऑफिसातून फोन आला, वाजवा. मी बंबाच्या शेडमधलं बटण दाबलं.

नियमाप्रमाणे मी शेडमध्ये फोनपाशी बसायला हवं होतं. पण शेडच्या दारातून पूर्वेचं आभाळ दिसत होतं, शिळ्या जखमेसारखं हिरवट. भोंगा पूर्ण वाजू दिला, फोनपाशी एका बंबवाल्याला बसवलं आणि गाडी काढली. भोंगा खाणीपर्यंत ऐकू येतो का, एवढंच मला बघायचं होतं.

रस्त्यात गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. समोरची काच फुटून माझ्या मांडीवर आली. ट्रेलरपाशी पोचले तर गृहस्थ पायऱ्यांवर. हातात बिअर, डोक्यावर घमेलं. गारा लागू नयेत म्हणून घमेलं घ्यायची अक्कल आहे, पण तळघरात जायची नाही. मी गाडीतूनच त्याला आमच्या पूर्वजांच्या चेक भाषेतल्या, पपांच्या तोंडच्या सगळ्या शिव्या घातल्या. तो धावत आला, मला बाहेर ओढलं आणि तळघरात नेलं. घमेलं त्याने माझ्या डोक्यावर धरलं होतं.

खाली त्याने आधी कंदील लावला. मग म्हणाला, "तू यात बाहेर पडलीस?"

"भोंगा तपासायला आले होते."

"लिबी, तुझ्या कपाळातून रक्त येतंय."

"काच जुनी होती."

त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः बटाट्याच्या पोत्यावर बसला. घोंगडी माझ्या खांद्यावर टाकताना ती दोनदा त्याच्या हातातून पडली. मला वाटलं बिअरने.

टोर्नेडो उत्तरेकडे शेतांतून निघून गेला.

२१ मे

दोन दिवस झाले, फोन थांबत नाही. परवा वादळ गेल्यावर मी सुटकेचा भोंगा वाजवला नाही, आणि आख्खं ऑर्लिक तळघरात बसून राहिलं. ऊन पडलं, पक्षी बोलायला लागले, तरी बसून राहिलं. मार्जीने सासूसह कॅफेचे सगळे कोलाचे, म्हणजे गोड सारणाचे पाव, खाली बसून संपवले. ड्वेन, गावाचा अध्यक्ष, अंधार पडेपर्यंत वॉशिंग मशीनला टेकून बसला होता, कारण 'भोंगा झाला नव्हता'. मी विचारलं, खिडकीतून ऊन दिसत नव्हतं का? म्हणाला, दिसत होतं, पण नियम तो नियम. जो नियम नाही तो यांना पाठ आहे, जो आहे तो पोस्टात पिल्लांच्या मागे टाचलेला.

मार्जीने मला स्पष्टच सांगितलं, "तुमचे पपा असते तर आम्हाला असं अडकवून ठेवलं नसतं."

अडकवून ठेवलं मी. कुलूप नव्हतं, कडी नव्हती. मी फक्त एक आवाज केला नाही.

दुपारी अल्बिन आला. दाढी केलेली. माझ्या कपाळावरची पट्टी बघितली, मग गाडीची नवी काच बघितली, ती मला न विचारता त्यानेच काल बसवून आणली. स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "इथून पुढे तू सांगशील तसं करीन. पुन्हा असल्या गारांत यायचं नाहीस. सांग काय करायचं."

माझा विश्वास बसला नाही. या माणसाने जन्मात कुणाचं ऐकलेलं नाही, ना पपांचं, ना बायकोचं, ना माझं. शाळेत तो माझ्या दोन वर्ग मागे होता, आणि तो चौथीत असताना शिक्षकांनी मला बोलावून सांगितलं होतं, तुझा भाऊ भिंत आहे.

रेडिओ कुठाय विचारलं. त्यातल्या बॅटऱ्या टॉर्चला लावल्या होत्या. मग म्हटलं, रेडिओ, काउंटीचे नकाशे, हे याच्या डोक्यात कोंबण्यात अर्थ नाही. त्याला झेपेल एवढंच द्यावं. मी नियम त्याच्यासाठी सोपा केला.

"भोंगा वाजला की काय करायचं?"

"तळघरात जायचं."

"वारा-पाऊस थांबला की?"

"वर यायचं. दरवाजा लावून घ्यायचा, आत पाणी जाऊ नये म्हणून."

"सुटकेचा भोंगा?"

"नसतो. तो पपांबरोबर गेला."

"पुन्हा वाजला तर?"

"पुन्हा खाली."

"नाही वाजला तर?"

"तर काही येत नाहीय."

मी त्याच्याकडून तीनदा म्हणून घेतलं. एकदाही चुकला नाही. आख्ख्या गावात एक विद्यार्थी पास झाला, आणि तो अल्बिन. त्याला खसखशीचे कोलाचे बांधून दिले, नाहीतरी शिळे होत होते.

८ जून

बोर्डाची बैठक. सुटकेचा भोंगा परत आणावा असा अर्ज, खाली सह्या. मी म्हटलं, समजा एक टोर्नेडो गेला आणि मागून दुसरा आला. मी दुसऱ्या धोक्याचा भोंगा दिला तर तुम्ही काय कराल? मग मार्जी म्हणाली, "वर येऊ. वाजला म्हणजे संपलं ना?" आणि ड्वेनने मान डोलावली. यांना मी कुठल्या भाषेत सांगू? चेक झाली, इंग्रजी झाली, आता खडूने कपाळावर लिहायचं राहिलंय.

अर्ज मी फेटाळला.

अल्बिनचा फोन आला होता. विचारलं, नियमात काही बदल? नाही म्हटलं. बरं म्हणाला, आणि ठेवला. हल्ली रोजच विचारतो.

११ जून

बंबाच्या शेडमध्ये बसून लिहिते आहे. अजून उजेड आहे. फोन बंद पडलाय, काउंटीशी बोलायला बंबाचा वायरलेस आहे आणि त्यापाशी मीच आहे, म्हणून हलता येत नाही.

आज मी या गावाला वाचवलं. कशाच्या जोरावर, तर त्यांच्या मूर्खपणाच्या. हे कुणाला सांगून कळायचं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

दुपारनंतर पहिला इशारा आला. मी भोंगा वाजवला, लोक खाली गेले. चर्चमध्ये उन्हाळी शाळा चालू आहे, ती सगळी मुलं फादरनी चर्चच्या तळघरात नेली. मार्जीही तिथेच, मुलांना दूध द्यायला गेली होती. वादळ धान्याच्या कोठाराच्या पलीकडून उत्तरेला निघून गेलं. वारा पडला. पाऊस थांबला. रस्त्यावर पिवळं ऊन पडलं, इतकं छान की कुणालाही वाटावं संपलं.

आणि फोन वाजला. काउंटीतली मुलगी ओरडून बोलत होती. दुसरा आहे, मोठा आहे, नैर्ऋत्येकडून सरळ तुमच्यावर येतोय, लगेच पुन्हा वाजवा. मी हो म्हटलं.

बोट बटणावर होतं. आणि मला दिसलं, मी दाबलं की काय होणार. आख्खं गाव सुटकेचा निःश्वास टाकून वर येणार. फादर तळघराचा दरवाजा उघडणार आणि ती सगळी मुलं मैदानावर धावत सुटणार. मार्जी सासूला व्हरांड्यात आणून बसवणार. ड्वेन रस्त्याच्या मधोमध उभा राहून कमरेवर हात ठेवून पडलेल्या फांद्या मोजणार. 'वाजला म्हणजे संपलं.' तीनच दिवसांपूर्वी माझ्या तोंडावर सांगितलं होतं त्यांनी.

नाही वाजवला तर? तर ते बसून राहतील. वॉशिंग मशीनला टेकून, कोलाचे खात, मला शिव्या देत, सुटकेच्या भोंग्याची वाट बघत.

मी बोट काढून घेतलं.

नियमपुस्तकात असं कुठेही नाही. मला एक क्षणही शंका आली नाही. मी त्यांना ओळखते. शेडमधल्या खड्ड्यात, जिथे बंबाखाली शिरून दुरुस्ती करतात, तिथे मी उतरले आणि डोक्यावर हात धरून बसले. आवाज सगळे सांगतात तसाच होता. छपराचा एक कोपरा गेला.

बाहेर आले तर मुख्य रस्ता ओळखू येत नव्हता. कॅफेची दर्शनी भिंत नाही. शाळेचं छप्पर चर्चच्या मैदानावर, अगदी जिथे मुलं खेळली असती तिथे. रस्त्यावर काचेचा चुरा आणि ट्रकच्या ट्रक उलटे. आणि माणूस एकही नाही. एकही नाही. सगळे खाली. मी चर्चच्या तळघराचा दरवाजा ठोठावला तर आतून मार्जी म्हणते, "भोंगा झाला नाही अजून." मी तिथे पायरीवर बसले आणि हसले, आणि मग रडले, का ते माहीत नाही. मुलं मोजून घेतली. सगळी होती.

ड्वेनची माणसं घराघरात फिरून आली. एकाचा हात मोडलाय, मार्जीची सासू घाबरलीय. मेलं कुणी नाही. ड्वेन माझ्यासमोर टोपी काढून उभा राहिला. या लोकांना शहाणपणाने कधी वाचवता आलं नसतं. वेड्यांना त्यांच्या वेडानेच धरून ठेवावं लागतं, आणि ते मला जमलं.

पूर्वेच्या रस्त्यावर विजेच्या तारा पडल्यात, म्हणून खाणीकडे अजून कुणाला जाता आलेलं नाही. ड्वेन शेतातून वळसा घालून गेलाय. अल्बिनची मला काळजी नाही. बाकीच्यांच्या भरवशावर मी कुत्रंही सोडणार नाही, पण त्याला नियम पाठ आहे. परवासुद्धा फोनवर म्हणून दाखवला. भोंगा वाजला की तळघरात. वारा-पाऊस थांबला की वर, दरवाजा लावून घ्यायचा. पुन्हा वाजला तर पुन्हा खाली. नाही वाजला तर

१५ जून

आज अल्बिनला पुरलं. आईपपांच्या शेजारी.

तळघरापासून ट्रेलरकडे जाणाऱ्या वाटेवर सापडला. म्हणजे जिथे ट्रेलर होता तिकडे जाणाऱ्या. ड्वेनने सांगितलं की तळघराचा दरवाजा नीट बंद होता, कडी लावलेली. आत कंदील विझवून ठेवलेला आणि घोंगडीची घडी. घोंगडीची घडी त्याने आयुष्यात कधी केली नव्हती.

काउंटीचा माणूस काल येऊन गेला. भोंगा का वाजवला नाही, विचारलं. मी सगळं सांगितलं. तो मुलासारखा कोवळा, टाय घातलेला. म्हणाला, मॅडम, मीही कदाचित तेच केलं असतं. त्याला काय माहीत तो काय करील. त्याला बाहेर घालवलं.

सकाळी फोनपाशी जाते आणि उभी राहते. तो विचारील, नियमात काही बदल? आणि मी सांगेन, हो, आहे. तो नियम मी सोपा केला. त्याला झेपणार नाही म्हणून. रेडिओला बॅटऱ्या आणून दिल्या असत्या तर कळला असता त्याला रेडिओ. गाडीची काच न विचारता बसवणाऱ्याला बॅटऱ्या बसवता आल्या असत्या. मी त्याला भिंत समजले. ज्याला मी सगळ्यांत कमी अकलेचा धरला होता, त्याच्यावर माझं सगळं प्रेम होतं, आणि हे मी त्याला एकदाही म्हटलं नाही. आता लिहून काय उपयोग.

दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण. सगळं गाव आलं. डुकराचं मांस, डंपलिंग, आंबवलेली कोबी, मार्जीने दुसऱ्याच्या भट्टीत केलेले कोलाचे. एकेक जण येऊन माझा हात हातात घेत होता. उन्हाळी शाळेतल्या मुलांच्या आया रडत होत्या. बाई, तुमच्यामुळे. बाई, तुम्ही नसता तर. बोर्डाने शेडवर माझ्या नावाची पाटी लावायचं ठरवलंय. मी नको म्हटलं, कुणी ऐकलं नाही.

मग ड्वेन शेजारी येऊन बसला. कोट त्याला घट्ट होत होता. ताटली त्याने बाजूला सरकवली. हा मुलगा वाईट नाही, कधीच नव्हता. माझ्या पाठीवर हात ठेवून हळू आवाजात म्हणाला, "बाई, त्याला सवयच होती आभाळ बघायची. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही किती समजावलंत त्याला. एकदा तरी तुमचं ऐकलं असतं तर आज..."

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या.

"त्याने ऐकलं होतं," मी म्हटलं.

ड्वेनला कळलं नाही. मार्जीला वाटलं मला भोवळ येतेय. हो बाई, हो, म्हणत तिने पाण्याचा ग्लास माझ्या तोंडाशी धरला. मी तो बाजूला केला आणि वर्गात बोलायचे तशी मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशी, पुन्हा सांगितलं.

"या गावात माझं त्याने एकट्याने ऐकलं होतं."